सोनकीचा उजवा कान

"बाई, तुम्हाला एवढं सुचतं कुठून?" हा प्रश्न मला पोरांनी विचारला, त्यांच्या मास्तरांनी विचारला, आणि आता या अंकाच्या संपादिकाबाईंनी फोनवर विचारला. पोरांना मी सांगायची, "सकाळी पदराची गाठ सोडली की निघतं." बाईंना तसं सांगून चालेना. म्हणून एकदाचं आहे तसं लिहून टाकते. वाचून कुणी मला वेडी म्हणालं तर म्हणू दे. या वयात तेवढी सूट मिळते.

पहिलं म्हणजे मी लेखिका नव्हे. मी जुळारीण. चौथी पास झाले, लग्न झालं, चार वर्षांत परत बारामतीला माहेरी आले, आणि वडिलांच्या, तात्यांच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागले. आजच्या पोरांना खिळा म्हटलं की भिंतीतला आठवतो. आमचा खिळा म्हणजे शिशाची बोटभर कांडी, आणि तिच्या डोक्यावर एक अक्षर, आरशात दिसतं तसं उलटं. समोर खणाखणांची उतरती पेटी, डाव्या हातात ओळ धरायची लोखंडी स्टिक, आणि उजवा हात पाखरासारखा सारखा दाणे टिपत. एक एक खिळा उचलून शब्द लावायचा, शब्दांची ओळ, ओळींचं पान. पान छापून झालं की सगळे खिळे सोडवून परत आपापल्या खणात. काल ज्या 'म'नं कुणाच्या लग्नातला मांडव उभा केला, तोच 'म' उद्या कुणाच्या मयताच्या कार्डावर.

हे काम वर्षानुवर्षं केलं की दोन गोष्टी होतात. एक, डावं-उजवं, उलटं-सुलटं याचा माणसाला धाक राहत नाही. आणि दोन, बोटांना स्वतःचं डोकं फुटतं. तोंडानं शेजारणीशी बोलावं आणि हातानं अख्खं पान लागून जावं, असं कितीदा झालंय. या दोन्ही गोष्टी पुढं माझ्या गळ्याशी आल्या.

गोष्टी लिहायला लागले ते तात्यांच्या रागामुळं. एका पुढाऱ्यानं मिरवणुकीच्या पत्रकांचं काम देतो म्हणून कागद आणवला आणि ऐन वेळी पाठ फिरवली. मशीन रिकामं, कागद पडलेला. तात्या म्हणाले, "कमळे, दिवसभर तोंड चालू असतं तुझं. लाव काहीतरी पोरांसाठी. मोरगावच्या जत्रेत खपवू." मी कागदावर लिहायलाच बसले नाही. माझं हस्ताक्षर म्हणजे पावसात भिजलेली मुंगी. मी सरळ स्टिक हातात घेतली आणि राक्षसाची गोष्ट खिळ्यांतच जुळवली. तेव्हापासून माझी एकही गोष्ट आधी शाईनं लिहिलेली नाही. 'ळ' संपला की राक्षस काळा असायचा तो निळाही होईना, मग तो भुरा व्हायचा. पोरांना वाटायचं बाईंची कल्पनाशक्ती!

छापायच्या आधी मात्र मी एसटीनं मोरगावला जायची, माझ्या बहिणीकडं. तिच्या दारातल्या लिंबाखाली वीस-पंचवीस पोरं बसवायची आणि गोष्ट सांगायची. जिथं पोरं अंग खाजवायची थांबली ते ठेवायचं. जिथं कुणी उठून शेरडामागं गेलं ते काढून टाकायचं. एकदा एका पोरीनं विचारलं, "राक्षस एवढं खातो, मग बसतो कुठं?" त्या एका प्रश्नावर माझी सोळा पानी पुस्तिका निघाली आणि चांगली चालली.

तर नव्वद साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. दिवाळीला मी 'तळातलं गाव' जुळवलं. उजनी धरणाच्या पाण्याखाली एक गाव आहे. माणसं गेली, पण गाव गेलं नाही. चुली पेटतात, त्यांचा धूर बुडबुडे होऊन वर येतो. आणि तिथं एकच पोर राहिलेली आहे, सोनकी. ती लंगड्या कोकरासाठी माघारी फिरली आणि वरून पाणी मिटलं. ती काठावरच्या पोरांना हाक मारते, "खेळायला येता का? मला मोठं होता येत नाही." हिरवं पोलकं, त्याच्या एका बाहीला तांबडं ठिगळ, उजव्या कानाची पाळी फाटलेली. देवळापासून तिसरं घर. उंबऱ्यासमोरच्या काळ्या दगडात दोन उखळं, एक आईचं मोठं, एक तिचं छोटं.

हे पान कसं लागलं ते मला आठवत नाही. आठवतं एवढंच की मी शेजारणीला भरल्या वांग्याचं सांगत होते, आणि खाली बघितलं तर पान लागलेलं. उलटं धरून वाचलं आणि दंडावर काटा आला. मला आनंदच झाला म्हणा. म्हटलं, वा कमळे, जमलं!

पुस्तक खपलं. दुसरा भाग चैत्रात जुळवायला घेतला. शेवट ठरलेला होता. पाण्याचं दार कायमचं मिटतं आणि सोनकी देवळाच्या शिखरावरचा दगड होते. मोरगावची पोरं तो शेवट ऐकून गप्प झाली होती, म्हणजे पक्का शेवट. फक्त ते शेवटचं पान लावायचं राहिलं होतं.

त्या दिवशी टळटळीत दुपारी एक बाई प्रेसच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आतल्या, उन्हानं रापलेल्या, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. हातात माझं पुस्तक, फडक्यात गुंडाळलेलं, पोथी असते तसं.

"गोष्टीवाली बाय कोन?"

"मीच. या मावशी, पाणी घ्या."

त्यांनी पाणी घेतलं नाही. "म्या यसाबाय. पळसदेवची. शेजारची पोर वाचत हुती, म्या ऐकलं. कुठं बगितलीस तिला?"

"कुणाला?"

"माज्या भागूला."

मी हसले. तेव्हा हसले, याची आजही लाज वाटते. म्हटलं, "मावशी, ती सोनकी. मनानं केलेली गोष्ट आहे ती."

"नाव बदाललंस, ते कळलं मला. कुनी तरी सांगू नगं म्हनलं आसंल. पन ठिगाळ? म्या माज्या हातानं लावलं, माज्या तांबड्या लुगड्याचं. आन कान? मनानं कुनाचा कान फाटतो व्हय गं?"

मग त्यांनी सांगितलं. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा गाव वर हललं. माणसांनी दारं काढून गाड्यांत घातली, तुळया काढल्या. यांच्या घरची मेंढरं होती, ती आधी हाकलली. एक लंगडं कोकरू मागं राहिलं. आठ वर्षांची भागू त्याच्यासाठी माघारी गेली ती आलीच नाही. कोकरू तिसऱ्या दिवशी पोहत काठाला लागलं. पोर ना जिवंत मिळाली, ना मेलेली. लोक म्हणाले पाण्यात गेली. यसाबाईंनी नवऱ्याला तिचा दहावाही घालू दिला नव्हता. सोळा वर्षं झाली होती.

"आता खरं सांग," त्या म्हणाल्या. "जिती हाय का? तेवढंच सांग. कुठं हाय ती इचारत न्हाय."

मी काय सांगणार? शपथा घेतल्या. त्या उठल्या, पुस्तक परत फडक्यात गुंडाळलं. "मे म्हैन्यात पानी उतरतंय. देऊळ उघडं पडतंय. यं. माजं घर दावते, मग बोल मनानं केलं म्हनून." आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, "दुसरं पुस्तक काडनार म्हनं. दार मिटवू नगंस बाय. म्या हात जोडते."

दुसऱ्या भागाचा शेवट मी कुणाला सांगितला होता? मोरगावच्या पोरांना, बस. मोरगाव कुठं, पळसदेव कुठं.

तात्या सगळं आतून ऐकत होते. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "कमळे, माळ्यावर चढ."

आमच्याकडं छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवून ठेवायची रीत होती, आणि तिच्या पाठीला गिऱ्हाइकानं दिलेला हातानं लिहिलेला कागद टोचायचा, म्हणजे उद्या कुणी भांडायला आलं तर दाखवता येतं. सगळ्यात जुन्या तारेत, गंजानं चिकटलेल्या कागदांत, ते पत्रक होतं. 'हरवली आहे.' भागू. वय आठ. हिरवे पोलके, एका बाहीस तांबडे ठिगळ. सोबत लंगडे कोकरू. पळसदेव.

माझा नवीन नवीन जुळवलेला माल. ओळी वाकड्या. मी कामाला लागून दोन-तीन महिनेच झाले होते.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले. भूत नाही, देव नाही. बोटांनी एकदा जुळवलेलं सोळा वर्षं जपून ठेवलं आणि परत जुळवलं, तेच शिसं, तेच खिळे. मग मी पत्रक नीट वाचलं. 'डाव्या कानाची पाळी फाटलेली.'

पाठीला टोचलेला कागद उलगडला. पळसदेवच्या शाळेतल्या गुरुजींचं सुरेख अक्षर: 'उजव्या कानाची.'

काम घाईचं होतं, प्रूफ काढलंच नव्हतं. पान लावलं आणि थेट मशीनवर चढवलं. इंदापूर, भिगवण, बारामतीच्या स्टँडवर चिकटवलेल्या प्रत्येक कागदावर एका हरवलेल्या पोरीचा भलताच कान फाटलेला होता, आणि तो मी फाडला होता.

माळ्यावरून उतरले ती दोन्ही कागद हातात घेऊनच. तात्यांनी ते बघितले. "गप बस," म्हणाले. "ती बाई आशेवर जगतेय. कशाला वर धोंडा टाकतेस? सोळा वर्षांनी कान सरळ करून पोर येणार आहे का?"

"तात्या, पत्रकात चूक, मग पुस्तकात बरोबर कसं आलं?"

रात्रभर मी एवढंच घोकत राहिले की गुरुजींचा कागद मी तेव्हा वाचला होता, डोळ्यांनी बरोबर वाचलं आणि हातानं चुकीचं लावलं, असं होतं. होतंच. पहाटे आठवलं की उखळं ना पत्रकात आहेत, ना गुरुजींच्या कागदात.

मे महिन्यात गेले. पळसदेवला उतरले तेव्हा डोक्यावर ऊन आणि समोर सगळं वैराण. पाणी लांब सरकलेलं. मधे नुसता गाळ, वरून वाळून ढपल्या सुटलेला आणि पाय दिला की आतून थंड. देऊळ अख्खं बाहेर आलेलं, शिखराला वाळलेलं शेवाळ. कुठं बाभळीचे काळे खुंट, कुठं जात्याची तळी. टिटवी आमच्या डोक्यावर ओरडत राहिली, जसं काही आम्ही कुणाच्या घरात न विचारता शिरलोय. यसाबाई अनवाणी पुढं, तोंडानं सांगत, "हितं तेल्याचं घर. हितं आमचा पार. सांभाळून, हितं हौद हुता." तिथं काही नव्हतं. पण त्या हौदाला वळसा घालून गेल्या, आणि मीही घातला.

देवळापासून तिसरं जोतं. उंबऱ्याची जागा. यसाबाई बसल्या आणि नारळाच्या करवंटीनं गाळ खरवडायला लागल्या. मी उभी. मनात म्हणत होते, नसू दे. देवा, एकच असू दे.

आधी मोठं उखळ निघालं. काठ झिजून गुळगुळीत झालेला. मग हातभर अंतरावर छोटं.

"तिच्या बानं पाडून दिलं हुतं," यसाबाई म्हणाल्या. "माज्या संगं कांडायला बसायची. त्यात माती कांडायची भवानी. आता बोल. मनानं?"

मी तिथंच गाळात बसले. पिशवीतून दोन्ही कागद काढले आणि सांगितलं. पत्रक मी लावलं. कान मी चुकवला. तुमची लेक कुणी ओळखली नसेल तर ती माझ्या हातानं. उखळांचं मला माहीत नाही, मावशी, पण कानाचं पाप माझं.

त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, ज्या ओळीवर मी बोट ठेवलं होतं तिथं त्यांनी अंगठा ठेवला. मला वाटलं आता ही बाई मला करवंटी फेकून मारेल. मारावी असंही वाटलं.

"म्हंजी कुनी बगितली आसंल," त्या हळू म्हणाल्या. "बगितली आसंल आन कान बगून म्हनलं आसंल, ही न्हवं."

मी मान खाली घातली.

"मग पान्यात गेली म्हनून गावली न्हाय, आसं न्हाय. कागूद चुकला म्हनून गावली न्हाय." त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. त्या हसत होत्या. "आगं येडे, सोळा वर्सांत मला कुनी एवडं सांगितलं न्हवतं. ऊट. नवा कागूद काड. उजवा कान."

परत येऊन मी तो शेवट टाकून दिला. तात्या वैतागले, "पोरांना शेवट लागतो गं!" मी म्हटलं, लागू दे. दुसऱ्या भागात दार उघडंच राहिलं, आणि शेवटच्या पानावर चौकटीत जुळवलं: 'सोनकीचा उजवा कान फाटलेला आहे. ती आता मोठी झाली असेल. कुठे दिसली तर छापखान्याच्या पत्त्यावर कळवा.' या पानाचं प्रूफ तीनदा काढलं. तिन्ही वेळा 'उजवा' वाचताना माझा स्वतःचा हात कानाला गेला.

पोरांना वाटलं खेळ आहे. पत्रांचा पाऊस पडला. काटेवाडीच्या एकानं सोनकीला उसाच्या गाडीवर पाहिलं. कुणाच्या वर्गात ती नवीन आली होती, पण कान दाखवेना. एकानं तर थेट आपल्या गणिताच्या बाईंवर आळ घेतला. यसामावशी महिन्यातून एकदा बाजाराला यायच्या. मी सगळी पत्रं वाचून दाखवायची. त्या गणिताच्या बाईंच्या पत्राला हसून हसून डोळे पुसायच्या, आणि जाताना विचारायच्या, "तिचा कान बगितलास का गं जाऊन?" गेले होते. दोन्ही कान धड होते बाईंचे.

श्रावणात एक पाकीट आलं. आत वहीचा अर्धा कागद. अक्षर पोराचं नव्हतं आणि मोठ्या माणसाचंही नव्हतं, आठव्या वर्षी थांबल्यासारखं. लिहिलं होतं: 'बाई, तुम्ही उखळं दोन लिहिली. तिसरं राहिलं. ते वाटीएवढं आहे, कोकराला पाणी पाजायला. पुढच्या वेळी लिहा.' खाली नाव नाही, पत्ता नाही, टपालाचा शिक्का पुसलेला.

मी यसामावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "तिसरं न्हवतं," म्हणाल्या. "माजं घर हाय, मला म्हाईत नसंल?" आणि नंतर आठ-नऊ महिने त्या पत्राचा शब्द काढला नाही. मीही नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर निरोप आला. परत तेच जोतं, तेच दोन खळगे. यसामावशी दगडाच्या पलीकडच्या कडेला, भिंतीच्या अंगाला खरवडायला लागल्या. भिंत होती तोवर तिथं कुणाचं लक्ष जायचं कारण नव्हतं. करवंटी एकदम आत गेली.

वाटीएवढं. वाकडंतिकडं, कच्चं, एका बाजूला टवका उडालेला. लहान हातानं, बापाची छिन्नी चोरून, आईच्या नजरेआड पाडलेलं.

"हे म्या न्हाय पाडलं," यसामावशी म्हणाल्या. "तिच्या बानंबी न्हाय." त्यांनी अंगठा आत घालून फिरवला, लहान पोराचं तोंड आतून पुसतात तसा. मग सोबतच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं आणि काठोकाठ भरलं.

मला राहवेना. म्हटलं, "मावशी, जिवंत आहे तर मग पत्ता का नाही दिला तिनं?"

"सुकात आसंल. दुकातली लेक पत्ता कळवती, बाय. सुकातली इसरती." आणि कितीतरी वर्षांनी निवांत झाल्यासारख्या त्या तिथं, आपल्या नसलेल्या दारात, पाय पसरून बसल्या.

पुढं सात-आठ वर्षं त्या होत्या. शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, माझी भागू सुखात आहे. छापखाना बंद झाला, खिळे मोडीत गेले, आता माझी पुस्तकं संगणकावर निघतात. पण 'तळातल्या गावा'च्या प्रत्येक आवृत्तीला ते शेवटचं पान आहे, आणि उखळं तीन आहेत.

एक चूक मी यसामावशींपाशी कबूल केली होती. दुसरी गोष्ट मात्र सांगितली नाही, ती इथं सांगते. पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, पण पाकीट कधी हातात दिलं नाही. पावसाळ्याचे दिवस होते, टपालाची पिशवी भिजली असेल, असंच मी धरून चालले होते. पाकीट भिजून वाळल्यासारखं कडक झालं होतं आणि त्याच्या घडीत काहीतरी काळं साचलेलं होतं. त्या दुसऱ्या उन्हाळ्यात पळसदेवहून घरी आले, मोरीवर हात धुवायला बसले, आणि नखांतला गाळ काढता काढता थांबले. उठले, ट्रंकेतून पाकीट काढलं, घडी उलगडली आणि बोट शेजारी धरलं.

तोच रंग. तोच वास. आणि बाहेरून वाळलेला असून आतून अजून थंड.